गोदावहिनी आणि माशांची देवी

खुशालरावांच्या घराला अमरावतीत लोक पाठीमागे 'मच्छीघर' म्हणत आणि तोंडावर 'खुशालरावांची हवेली' म्हणत. मी दोन्ही म्हटलेलं आहे, त्यामुळे कोणाची चुगली करतो आहे असं समजू नये. पण आज खुशालरावांबद्दल सांगायचं नाही. स्वतःबद्दल त्यांनीच जन्मभर इतकं सांगून ठेवलं आहे की दुसऱ्याला वाव नाही. सांगायचं आहे त्यांच्या थोरल्या बायकोबद्दल, गोदाबाईबद्दल. घर भिंतीला भिंत लागून, आणि मी लांबच्या नात्याने तिचा दीर. दिराला वहिनीची थट्टा करायची मुभा असते. ती मुभा मी कधी वाया घालवली नाही.

वहिनीचं माहेर तिवश्याजवळच्या एका खेड्यातलं. लग्न झालं तेव्हा खुशालरावांकडे जमीन होती, बैल होते आणि अंगात एक सदरा होता. वहिनी कापूस वेचायला बायांच्या पुढे असे. दोन्ही हातांनी बोंडं वेचायची तिची पद्धत पाहून म्हातारे मजूर म्हणत, ही बाई गाय दोहून राहिली का कापूस वेचून राहिली. तिला लेकरू झालं नाही. देव झाले, नवस झाले, मुळ्या उगाळून झाल्या. सासू तानुबाई दर वर्षी एक नवीन उपाय आणी आणि जुन्या उपायाचा दोष सुनेच्या पोटाला देई.

मग कापसाच्या तेजीची ती सालं आली. तिकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढायला लागले, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीतल्या प्रत्येक माणसाला एकाएकी वाटू लागलं की आपण फार हुशार आहोत. कोणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली. आमच्या गल्लीतल्या नत्थुजींनी मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते घरात कोणाला वाचता येईना आणि ठोके पडले की गाय बिथरे, म्हणून ते बंद करून त्याला हार घालून ठेवलं. खुशालरावांनी गाव सोडलं, अमरावतीला अडत घातली, अंगावर उपरणं घेतलं आणि आवाज जाड केला. वहिनीचं शेतात जाणं बंद झालं. अडत्याची बायको बोंडं वेचते हे बरं दिसत नाही म्हणे. हातांना काम नाही, मांडीवर लेकरू नाही, अशी ती त्या मोठ्या घरात दुपारभर खांबाला टेकून बसलेली मी पाहिली आहे.

त्यातच मासे आले. खुशालरावांचा कापूस घेणारा मुंबईचा एक व्यापारी होता, त्याचा चीनशी धंदा. त्याने खूश होऊन ही भेट दिली: लाकडी चौकटीत बसवलेली काचेची मोठी पेटी आणि मातीच्या मडक्यांतून पाचसहा चिनाई मासे. बैलगाडीवर ओल्या पोत्यांत गुंडाळून, वाटेत प्रत्येक विहिरीवर पाणी बदलत, अकोल्यावरून ते अमरावतीला पोचले. निम्मी गल्ली पाहायला लोटली. नत्थुजी काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "खुशालराव, येवढ्या दुरून आनले, तं भाजायचे का रस्सा करायचा?"

"पाहाले आनले," खुशालराव म्हणाले.

"पाहाले? अन् मंग खायचं काय?"

मासे होते मात्र देखणे. सोन्यासारखे, काही तांबडे. दोन जातीचे होते हे लहान मुलालाही कळलं असतं. दोन होते सडपातळ, एकशेपटी, सारखे इकडून तिकडे पळणारे. त्यांना मी 'चपराशी' नाव ठेवलं. बाकीचे गोल, फुगलेले, दुहेरी शेपटीचे, चालायलाही कोणीतरी हात धरावा असे. त्यातल्या एकाच्या डोक्यावर मांसाचा गोळा होता, म्हणून तो 'पागोट्या'. एकीचे डोळे पाण्याबाहेर पडतील इतके बटबटीत; ती 'ठमी'.

आता अडतीत जे चालतं तेच त्या पेटीत चाललं. भाताची शितं टाकली की चपराशी खालून-वरून फिरून सगळी गिळत. ठमीला आपल्या डोळ्यांसमोरचं शीत दिसायच्या आत ते दुसऱ्याच्या पोटात असे. पोट भरलं की चपराशी तिच्या मागे लागत आणि तिच्या लोंबत्या शेपटीचे तुकडे तोडत. महिन्याभरात तिची शेपटी जुन्या लुगड्याच्या पदरासारखी झाली. खुशालरावांना त्याचं काही नव्हतं. पाहुण्यांना ते सांगत, "खेळून राहिले."

वहिनीने ते पाहिलं. तिने बांबूच्या काड्यांची जाळी विणून घेतली आणि पेटीच्या मधोमध उभी केली. एका बाजूला चपराशी, दुसऱ्या बाजूला गोल मंडळी. अंबानाल्यातलं शेवाळ आणून ठमीच्या बाजूला टाकलं. गांडुळं बारीक करून बोटाच्या टोकावर घेऊन ती ठमीच्या तोंडापाशी धरी. काही दिवसांनी ठमी तिच्या बोटाकडे येऊ लागली. तानुबाई येता-जाता म्हणत, "पोसा, पोसा. माशाले पोसा. घरचं तं काही पोसाले भेटलं नाही." वहिनी हात पुसून दुसरं गांडूळ घेई.

त्या हिवाळ्यात खुशालरावांचं दुसरं लग्न ठरलं. वहिनीला हे सासूने तांदूळ निवडता निवडता सांगितलं. भिंतीपलीकडे मी होतो आणि भिंत काही फार जाड नव्हती.

"एलिचपूरच्या महादेवरावांची पोरगी हाय. रुख्मिणी नाव. फागुनात होळी झाली की लगन उरकून टाकू."

सूप पाखडल्याचा आवाज तेवढा आला.

"तुले काही घरातून काढून नाही राहिलो आमी. खाशील, पिशील, राहाशील."

"कुठी राहीन, आत्याबाई?"

"कुठी म्हंजे? घरात."

"माही काकूबी घरातच राहात होती," वहिनी म्हणाली, आणि तांदळाचं सूप उचलून आत गेली.

या काकूची गोष्ट मला ठाऊक होती, कारण तिवश्याकडे सगळ्यांनाच ठाऊक होती. वहिनीची चुलती अशीच थोरली बायको. धाकटीला मुलगा झाला आणि चुलतीला पाखरं हाकायला शेतातल्या मचाणावर पाठवलं. हंगाम संपला, पाखरं गेली, चुलतीला घरी बोलवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ती तिथेच झोपडी करून राहिली आणि तिथेच गेली. वहिनी लहानपणी तिला भाकरी नेऊन देत असे. म्हणजे सवत आली की थोरलीचं काय होतं हे वहिनीला कोणी कीर्तनातून सांगायची गरज नव्हती. लग्न टळलं तर ती या घराची मालकीण, झालं तर मचाण.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, महादेवराव एलिचपुराहून आले. चार मुलींचा बाप, मिशा मोठ्या, जमीन बेताची, आणि श्रीमंत जावयाचा वास दुरून घेणारा माणूस. खुशालरावांना त्यांच्यापुढे मासे मिरवायचे होते. मध्ये ती काड्यांची जाळी बरी दिसेना.

"काढ थे," ते वहिनीला म्हणाले. "तुरुंग वाटून राहिला."

"त्याहिचं जमत नाही एका ठिकानी," वहिनी म्हणाली. "तोडतात."

"सगळ्याहिचं जमते. जमवून घ्या लागते," खुशालराव म्हणाले, आणि महादेवरावांकडे पाहून हसले. महादेवरावही हसले. जाळी काढली.

उन्हं तापायला लागली होती. जाळी निघाली आणि त्या पेटीत जे सुरू झालं तसं त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. दोघे चपराशी आणि त्यांच्या जोडीला तो आजवर गरीब वाटणारा पागोट्या, तिघेही ठमीच्या मागे लागले. शेपटी तोडणं राहिलं बाजूला, आता ते तिच्या पोटाला ढुशा देत होते. ती शेवाळात घुसली की शेवाळात, काचेला चिकटली की काचेला. सकाळी तर पाणी उकळतं आहे असं वाटे. वहिनीने जाळी पुन्हा लावू का विचारलं, तर होळीपर्यंत पाहुणे येणार म्हणून नाही म्हटलं गेलं.

आणि मग वहिनीला एक दिवस दिसलं की पागोट्याच्या गालांवर, कल्ल्यांवर, पांढरे बारीक दाणे उठले आहेत. चपराशांच्याही. मोहरीसारखे, ओळीने.

ती सासूकडे गेली आणि म्हणाली, "आत्याबाई, जरासं पाहा बरं इकडं."

एवढंच म्हणाली. मी शपथेवर सांगतो, एवढंच. पुढचा शब्द तानुबाईंचा. म्हातारीने काचेला डोळे लावले आणि ती जी मागे सरली ती जमिनीवर बसली. "मातामाय," ती म्हणाली. "मातामाय आली घरात."

आता हे समजण्यासाठी तानुबाईंचं एक दुखणं सांगायला हवं. खुशालरावांच्या आधीची तिची दोन लेकरं मातामायने, म्हणजे देवीच्या रोगाने, नेली होती. खुशालरावांनाही लहानपणी देवी निघाल्या, ताप, अंगभर फोड, आणि ते वाचले. चेहऱ्यावर वण राहिले ते जन्मभर. म्हातारीचा जगात कोणावर विश्वास नव्हता, पण देवीची भीती मात्र अशी की कोणाच्या घरी कडुलिंबाचा डहाळा दाराला दिसला तर ती गल्ली बदलून जाई. पांढरे दाणे, अंगात वारं भरल्यासारखी धावाधाव, जीवाची तगमग. तिला दुसरं काय सुचणार?

आमच्याकडे देवीची सेवा माळ्याकडे असते. शालिकराम माळी आला. झेंडू आणि वांगी विकणारा जाडा माणूस, पण घरात देवी आली की त्याच्यापुढे सावकारही हात जोडत. त्याने पेटीपुढे बसून पाहिलं, हुं हुं केलं, पागोट्याला नमस्कार केला.

"हायच," तो म्हणाला. "दाने साजरे टपोरे उठले."

"माशाले मातामाय येते का रे?" खुशालराव ओरडले.

"मानसाले येते, मालक, तं मुक्या जीवाले काहून नाही येनार? तिची लेकरं सारखीच."

"मंग फेकून देतो नाल्यात. लगन हाय घरात."

शालिकरामने त्यांच्या वणांच्या तोंडाकडे शांतपणे पाहिलं. "द्या फेकून. मातामाय आपल्या पायानं घरात आली, तिले हाकलून द्या. येकदा तुमाले सोडलं तिनं. पुन्हा सोडते का पाहा."

तानुबाईंनी मुलाचे पाय धरले. मासे राहिले आणि देवीचे नियम लागू झाले. दाराला लिंब. फोडणी नाही, तळण नाही. वेणी-फणी नाही, हजामत नाही. वहाणा बाहेर. मोठ्याने बोलायचं नाही. नवरा-बायकोने एका खोलीत झोपायचं नाही, आणि हे शालिकरामने खुशालरावांना सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना, कारण हा नियम ते तसेही बरीच सालं पाळत होते. आणि सगळ्यांत मोठा नियम: देवी उतरेपर्यंत त्या घरात मंगल कार्य नाही, वाजंत्री नाही, हळद नाही. वरात त्या घरातून निघाली तर देवी तिच्याबरोबर निघते, म्हणून एलिचपुरी लग्न लावायलाही महादेवरावांची बायको तयार होईना.

होळी गेली. दाणे गेले नाहीत. गल्लीतल्या बाया नारळ घेऊन माशांच्या पाया पडायला येऊ लागल्या. नत्थुजी माझ्या कानात म्हणाले, "मीबी पाया पडून आलो. आता रश्श्याचं काही बोलता येत नाही." शालिकराम रोज सकाळ-संध्याकाळ येऊन दहीभाताचा नैवेद्य दाखवी आणि स्वतःच संपवी. संध्याकाळी देवीपुढच्या घागरीतलं लिंबाच्या पाल्याचं पाणी लिंबाच्या मुळाशी ओतायचं, म्हणजे घराचा दाह कमी होतो, हेही त्याचंच. ते ओतायचं काम तानुबाईंनी स्वतःकडे घेतलं.

आणि वहिनी? मी तिला एकदा परसातल्या कुंपणावरून म्हटलं, "वहिनी, मातामाय तुमच्यावर लय खूश दिसते."

"माह्यावर कोनी खूश होत असते का, भाऊजी?" ती म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी रंग होता. घर पुन्हा तिच्या हाताखाली आलं होतं. कोणी तिला नवरीच्या लुगड्यांचं विचारत नव्हतं.

महादेवरावांनी निरोप धाडला: अखजीपर्यंत थांबतो. अक्षय्य तृतीयेला लग्न झालं नाही तर पोरगी दुसरीकडे देतो, अकोल्याचा एक अडत्या मागणी घालून बसला आहे. म्हणजे वहिनीला काय करायचं होतं? काहीच नाही. अखजीपर्यंत गप्प बसायचं होतं. मासे तिचं काम करत होते.

आता जे सांगतो ते मला तिने फार नंतर सांगितलं. एका सकाळी ती पेटीपाशी गेली तेव्हा पाठलाग थांबलेला होता. ठमी एका कोपऱ्यात कलंडून श्वास घेत होती. आणि शेवाळाला भिजलेल्या राजगिऱ्यासारखे दाणे चिकटलेले होते, आरपार दिसणारे. बाकीचे मासे शेवाळात तोंडं खुपसून ते वेचून खात होते. वहिनीने गाई-म्हशी पाहिलेल्या, कोंबड्या पाहिलेल्या. तिला क्षणात कळलं की ही देवी नव्हे, ही अंडी आहेत. आणि त्या ढुशा, ती धावाधाव, ते गालावरचे दाणे, सगळं याच्यासाठीच होतं. तिथे मासे लढत नव्हते. तिथे लग्न चाललं होतं.

तिने काही केलं नसतं तर दुपारपर्यंत एक अंडं उरलं नसतं. अंडी खाल्ली गेली असती, दाणे तसेच राहिले असते, देवी अखजीपर्यंत बसली असती. तिला फक्त पाठ फिरवून स्वयंपाकघरात जायचं होतं.

तिने शेवाळ उचललं, पदराखाली घेतलं आणि परसात तुळशीमागच्या मातीच्या कुंड्यात पाण्यात सोडलं. वर सूप झाकलं.

"काहून केलं, वहिनी?" मी विचारलं होतं.

"खाऊन राहिले होते ना," ती म्हणाली. एवढंच कारण.

अंडी फुटली. सुईच्या टोकाएवढे, दोन डोळे आणि एक धागा असे जीव कुंड्यात फिरू लागले. सोन्याचा पत्ता नाही, सगळे मळकट काळे. ती तांदळाचं पीठ चिमटीने शिंपडी. दुपारी उन्हाची तिरीप आली की कुंडा सरकवी. कोणाला काही सांगितलं नाही. सांगायला होतं कोण?

चैत्र संपत आला. अखजी तोंडावर आली आणि महादेवराव स्वतः येऊन ठेपले. बरोबर कोणी नाही, म्हणजे समजावून घ्यायला नव्हे, मोडायला आलेले. मला खुशालरावांनी बोलावून घेतलं होतं, चारचौघांत माणूस कमी ओरडतो म्हणून. आम्ही परसात लिंबाखाली बसलो, आत वहाणा चालत नव्हत्या आणि महादेवराव काढायला तयार नव्हते.

"जावईबापू, पष्ट सांगतो," महादेवराव म्हणाले. "माशाच्या फोडापायी माही पोरगी घरी बसली, हे एलिचपुरात सांगाची सोय नाही. लोक हासून राहिले. आज हो म्हना नाहीतं अकोलेवाल्याले हो म्हनतो."

"मातामाय उतरली नाही न अजून, मामाजी. मी काय करू?"

"मंग बसा तिची आरती करत."

व्याही रागावून उठतील म्हणून तानुबाई शालिकरामला म्हणाली, आजच काही करता येते का पाह्य बाबा. शालिकराम म्हणाला, संध्याकाळचं पाणी ओता, मग कौल लावतो. पण या गडबडीत देवीची घागर भरायचीच राहिली होती. म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. तुळशीमागे सूप झाकलेला भरला कुंडा दिसला. "हे भरलेलंच हाय," म्हणून तिने सूप बाजूला केलं आणि कुंडा दोन्ही हातांनी उचलून लिंबाच्या मुळाशी कलता केला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. ती पळाल्याचं मला दिसलंच नाही. एकदम ती कुंड्याला धरून उभी होती.

"ओतू नका, आत्याबाई."

"सोड. मातामायचं पानी हाय."

"ओतू नका. लेकरं हायेत त्यात."

मग महादेवराव उठले, कुंड्यात वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मोठ्या मिशांचा माणूस हसायला लागला की मिशा आधी हलतात.

"इहीनबाई," ते म्हणाले, "तुमच्या घरात मातामाय नाही आली. पाळना हालला. माशाचा."

वहिनी अजून कुंडा धरून होती. मला वाटतं, आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं. खुशालरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेवढ्या पाहण्यात त्यांनी हिशेब लावला: ही जाणून होती. शालिकराम मात्र क्षणभरही गडबडला नाही. त्याने कुंड्याला हात जोडले. "मी काय म्हनत होतो? मातामाय आली, पावली, लेकरं देऊन गेली. याच्यापरीस चांगला कौल कोनता? लावा लगन."

"माशालेबी झाली," तानुबाई म्हणाल्या, सुनेकडे पाहून. "माशालेबी."

मग खुशालरावांना मोठेपणा सुचला. सगळ्यांसमोर म्हणाले, "लेकरं मायबापापासून दूर ठेवून राहिली ही. आना तो कुंडा. टाका पेटीत."

"खातीन," वहिनी म्हणाली.

"काय?"

"मोठे खातीन त्याहिले. मी पाह्यलं."

"आपल्या लेकराले कोनी खाते का?" तानुबाई म्हणाल्या. "तुले काय समजते लेकराचं."

पेटी सोप्यात होती. वहिनी दारात उभी राहिली आणि आम्ही सगळे पेटीभोवती. महादेवरावांनी या वेळी वहाणा काढल्या. खुशालरावांनी कुंडा कलता केला. काळे ठिपके पाण्यात पसरले, आणि पागोट्या, जो आयुष्यात कधी घाईने हलला नव्हता, तो वर आला. चपराशी आले. ठमीसुद्धा आली, आपल्या त्या बटबटीत डोळ्यांनी, आणि या वेळी तिला सगळं दिसत होतं. पान तोंडात घेऊन चुना शोधेपर्यंत संपलं सगळं.

मग तानुबाई म्हणाल्या, "हिची नजर लागली." सगळ्यांना तेच बरं वाटलं आणि मंडळी पान खाऊ लागली.

अखजीला लग्न झालं. धूमधडाका असा की अमरावतीत पुढे बरेच दिवस बोलणं होतं. रुख्मिणीला हळद लावायचं काम थोरलीकडे असतं म्हणून ते वहिनीने केलं. मी पाहत होतो. नीट लावली, कानामागेही.

आणि हळद पुरती उतरायच्या आत मुंबईहून बातमी आली. अमेरिकेतली लढाई संपली. विलायतेला आता तिकडचा कापूस पुन्हा मिळणार. भाव जो पडायला लागला तो विहिरीत पोहरा पडावा तसा. खुशालरावांची कोठारं चढ्या भावाने घेतलेल्या कापसाने भरलेली होती. महादेवराव एलिचपुराहून आले, लेकीला भेटायला म्हणून, आणि माझ्याजवळ म्हणाले, "थोडंसं आंधी समजतं तं मीच मोडलं असतं. माशाइनं थांबवलं होतं चांगलं. त्या बाईनं तोंड उघडलं अन् माही पोरगी गेली."

म्हणजे वहिनी अजून थोडी गप्प राहिली असती तर लग्न आपोआप मोडलं असतं. मी हे तेव्हा हजार माणसांना सांगितलं. गोष्ट चांगलीच होती, लोक हळहळत आणि हसत.

अडत गेली. काचेची पेटी एका साहेबाच्या बंगल्यावर गेली, मासेही. खुशालराव पुन्हा गावी, पुन्हा शेतात. वहिनीला खरंच मचाणावर पाठवलं, पण एकटीला नाही. रुख्मिणीलाही दोन-चार वर्षांत काही झालं नाही, आणि मग तानुबाईंनी तिच्यासाठी उपाय आणायला सुरुवात केली, तेच, त्याच क्रमाने. खुशालराव तिसरीचं बोलायला लागले होते, पण आता मुलगी कोण देणार? दोघींना त्यांनी शेतात ठेवलं आणि स्वतः घरात आईजवळ राहिले. दोष कोणाचा असावा, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी बोलत होतो, पण माझं कोण मनावर घेतं.

परवा-परवा, म्हणजे दोघीही म्हाताऱ्या झाल्यावर, मी त्यांच्या शेतावर गेलो होतो. झोपडीपुढे एकाच बाजेवर बसून दोघी सरकी निवडत होत्या. मध्ये एकच सूप. मला खोड आवरली नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "तेव्हा कुंडा ओतू दिला असता तं? अखजी टळली असती, कापूस पडला असता, लगन मोडलं असतं. तुमी आज मालकीनबाई राहाता."

गोदावहिनीने सरकीतला खडा काढून फेकला. "मले काय अमेरिकेची तार येत होती का, भाऊजी?"

मी हसलो. रुख्मिणी हसली नाही. ती इतक्या सालांत माझ्याशी फार बोलली नव्हती. सुपातून मान न उचलता म्हणाली, "त्या बोलल्या नसत्या तं मी वाचली असती. हे तुमाले कधी सुचलं नाही, नाही का?"

खरंच सुचलं नव्हतं. गोष्ट मी इतक्यांना सांगितली, तिच्यात रुख्मिणी कुठे होती तर हळद लावून बसलेली.

"चूप बस," गोदावहिनी तिला म्हणाली, आणि सूप थोडं तिच्याकडे सरकवलं.